वाऱ्याचा बंदोबस्त

भांडण पेटलं ते भर जेवणाच्या वेळी. सुनेत्राबाई आत पोळ्या लाटत होत्या आणि बाहेर त्यांचे यजमान रघुनाथराव आणि जेवायला आलेले त्यांचे स्नेही डॉक्टर विश्वनाथ ताटावर बसून एकमेकांवर ओरडत होते.

“सफेदा लावा, रघुनाथराव, आपली निलगिरी हो! बघता बघता दुमजली होतो!”

“आणि जमिनीतलं पाणी पिऊन बसतो, त्याचं काय? मी पॉप्लर लावणार. तो त्याच्याही आधी दुमजली होतो.”

“अहो, पॉप्लर थंडीत पानं टाकून उघडा पडतो!”

“थंडीत आपण तरी कुठं शेतावर जातोय, डॉक्टर?”

पोळी तव्यावर टाकता टाकता सुनेत्राबाईंना वाटलं, हे झाड बघतायत की मुलीला स्थळ? उंचीपलीकडे दोघांची गाडी जाईना. लावायचं होतं ते वारा अडवायला, पण वाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही.

रघुनाथराव मूळचे वाईकडचे. विमानदलात वॉरंट ऑफिसर होते. शेवटची बदली चंदीगडला झाली आणि इथल्या सरळसोट रस्त्यांवर त्यांचा जीव जडला. निवृत्त झाल्यावर इथंच राहिले आणि झिरकपूरच्या पुढं दोन एकर घेऊन किन्नो लावले. किन्नो म्हणजे आपल्या संत्र्याचा पंजाबी भाऊ, अंगानं भरलेला आणि सालीला चिवट. झाडं छान आली, फुलायचीसुद्धा. पण गोटीएवढी फळं धरली की मे महिन्यात पश्चिमेकडून गरम वारा सुटायचा आणि सगळी फळं झाडाखाली. सुनेत्राबाई ती पदरात वेचायच्या. लोणच्याच्याही कामाची नव्हती ती.

म्हणून पश्चिमेच्या बांधाला झाडांची भिंत हवी होती, आणि लवकर हवी होती. तो काळच घाईचा होता. टीव्हीवर एका चॅनेलचे चाळीस झाले होते, शेवया दोन मिनिटांत शिजत होत्या, पोरं शिकता शिकता नोकरीला लागत होती. झाडानं तेवढं आपल्या चालीनं का वाढावं?

पॉप्लरची ओळ लागली. दोरी धरून लावली. झाडं खरोखरच सपाट्यानं वाढली आणि इथं रघुनाथरावांच्या अंगातली नोकरी जागी झाली. छावणीत साहेब येणार म्हटलं की झाडांचे बुंधे स्वच्छ करून त्यांना खाली गेरू नि वर चुना लावायचा, हे त्यांनी जन्मभर केलेलं. त्यांनी प्रत्येक पॉप्लरच्या खालच्या फांद्या डोक्याच्याही वरपर्यंत छाटल्या आणि गेरू-चुन्याचे पट्टे मारले. शेजारचा बलकारसिंग म्हशी घेऊन जाताना थांबला आणि त्यानं कडक सलाम ठोकला.

“फौजी साहब, बाग है के परेड?”

“दोन्ही!” रघुनाथराव म्हणाले.

परेड झकास उभी राहिली. फळं पहिल्यासारखीच गळत राहिली.

मुलगा शंतनू मोहालीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आईबापांचं मराठी त्याला कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. एका रविवारी तो म्हणाला, “पापा, बिल्डर रोज फोन कर रहा है. एक डील करते हैं. दो सीझन और. फल टिका तो ज़मीन आपकी, नहीं तो बेच देंगे. पक्का?”

“पक्का,” म्हणाले रघुनाथराव, पण घास तसाच हातात राहिला. दोन एकर गेले की रोज सकाळी डबा बांधून स्कूटर कुठं घालायची, हे त्यांना कोणी सांगणार नव्हतं. न्याय आईनं करायचा ठरला. सुनेत्राबाईंना उन्हातल्या त्या फेऱ्यांचा मनापासून कंटाळा होता. पण नवरा दिवसभर घरात बसला तर डब्यांच्या फळीलासुद्धा गेरू लावील, ही भीती त्याहून मोठी होती.

त्या मे महिन्यात रघुनाथराव पट्टे मारायला बसले. कुंचला उचलला, वारा आला आणि सगळा चुना त्यांच्याच मिशांवर. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. वर शेंड्याला पानं सळसळत होती आणि खाली बुंध्यांच्या मधून वारा नुसता धावत होता. पांढऱ्याफटक तोंडानं त्यांनी कुंचला बादलीत टाकून दिला.

“काय हो, काय झालं?” सुनेत्राबाईंनी विचारलं.

“खालच्या फांद्या छाटायला नको होत्या.”

“मग आता?”

“आता काय, छाटलेली फांदी परत येते होय?”

पॉप्लरच्या बुडाशी त्यांनी शेवरी पेरली. तीही लवकर वाढणारी, शिवाय खालपासून दाट. कमरेएवढी झाली आणि बलकारसिंगच्या म्हशींना लागला तिचा पत्ता. एका सकाळी बांध स्वच्छ. बलकारसिंगनं हात जोडले आणि भरपाई म्हणून लस्सीची बादली आणून दिली. रघुनाथरावांनी बादली रिकामी केली, पण ग्लासागणिक शिव्या घातल्या.

एक हंगाम असाच गेला. दुसरा लागेपर्यंत पश्चिमेला, रस्त्यापलीकडं, फ्लॅटच्या इमारती उठल्या. काल खड्डा, आज खांब, उद्या गच्ची. सफेद्यानं आणि पॉप्लरनं माना खाली घालाव्यात अशी वाढ! मे आला. सुनेत्राबाई पदर खोचून वेचायला गेल्या तर झाडाखाली वेचण्याजोगं काही नाही. फळं फांदीलाच.

“ये बिल्डिंग की वजह से है, पापा,” शंतनू हसत म्हणाला. “पॉप्लर का क्या क्रेडिट?”

“बिल्डिंग कालची. पॉप्लर किती वर्षं उभे आहेत?”

दोघांनी सुनेत्राबाईंकडं पाहिलं. शंतनूच्या बोलण्यात खोट नव्हती, हे त्यांना दिसत होतं. यजमानांच्या हातातली टोपीही दिसत होती, पार चुरगळून गेलेली.

“फळ टिकलं तर, एवढंच ठरलं होतं ना?” त्या म्हणाल्या. “कुणामुळं, ते नव्हतं ठरलं. टिकलंय. जमीन राहील.”

“आई, दिस इज चीटिंग यार!”

“असू दे. जेव आता.”

त्यानंतर दर थंडीत, किन्नो पिकले की रघुनाथराव पहिली पिशवी त्या फ्लॅटवाल्यांच्या सेक्रेटरीला नेऊन द्यायचे. वर ऐकवायचे, “वो देखिए हमारे पॉप्लर. वो हैं इसलिए आपकी बिल्डिंग को हवा नहीं लगती.” पॉप्लर तेव्हा एकही पान नसलेले, खराट्यासारखे उभे. सेक्रेटरी भला माणूस. खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, “बड़ी मेहरबानी, फौजी साहब.”

रघुनाथरावांच्या शेवटच्या थंडीतही तसंच झालं. दाट धुकं होतं, सुनेत्राबाई नको म्हणत होत्या, तरी मफलर गुंडाळून गेले. पिशवी दिली, पॉप्लर दाखवले. धुक्यात ना पॉप्लर दिसत होते ना धड बिल्डिंग, पण सेक्रेटरी म्हणाला, “बड़ी मेहरबानी.” घरी येऊन स्कूटर स्टँडला लावली, सीट पुसली, आणि “चहा टाक, मी जरा पडतो,” म्हणून आत गेले. चहा उकळला तेव्हा त्या हाक मारायला गेल्या.