उलटे पाढे आणि तपकिरीची डबी

मोटारीचे किस्से मोटार पळताना होत नाहीत, ती बंद पडली की होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मधू खऱ्याची गाडी आठवड्यातून चार दिवस बंद असायची, त्यामुळे आमच्याकडे किस्से ढिगानं साठले. कुणी विचारतं, "कलकत्त्यात तुम्ही चार मराठी माणसं करायचात काय हो?" मी सांगतो, ढकलायचो.

मंडळी मोजकीच. मधू बँकेत, पुण्याहून बदलून आलेला. देवधर खिदिरपूरला कस्टममध्ये. जहाजांवर चढून उतरून आपल्याला इंजिनातलं कळायला लागलंय, असा त्याचा समज होता. मी इथेच जन्मलेला, शाळेत भूगोल शिकवायचो. माझ्या मराठीला हे दोघं पोट धरून हसायचे आणि बाजारात मात्र माझ्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. चौथी कुसुमवहिनी, मधूची बायको. कुठेही निघालो की डबा मांडीवर घेऊन ती मागच्या सीटवर बसलेलीच असायची.

गाडी लढाईआधीची, दोन दारांची, रंगानं तपकिरी. मधूचे वडील अण्णा त्या हिवाळ्यात वाईहून आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "तपकिरीची डबी आहे." झालं, त्या दिवसापासून ती डबी.

*

अण्णा म्हणजे चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. 'शाब्बास' हा शब्द ते सढळ हातानं वाटायचे. वहिनीच्या अळूवड्यांना शाब्बास. दूधवाला वेळेवर आला, शाब्बास. देवधरनं होल्डॉलचा पट्टा नीट आवळला, त्यालाही शाब्बास. कोरडा राहायचा तो फक्त मधू. मॅट्रिकला शाळेत पहिला आला तेव्हा पेढे घेऊन गेला, तर अण्णांनी विचारलं, "संस्कृतातले दोन मार्क कुठे सांडलेस?"

डमडमच्या पुढे लढाईत घाईघाईनं बांधलेली एक धावपट्टी ओस पडली होती. हौशी लोकांचा एक क्लब थंडीत तिथे मोटारींच्या शर्यती लावायचा. मधूनं नाव दिलं. आम्ही त्याला वेड्यात काढलं, तेव्हा डबी ढकलता ढकलता तो खाली मान घालून म्हणाला, "अण्णा आहेत तोवर एकदा शाब्बास ऐकायचंय रे."

आम्ही जरा जोरात ढकललं.

*

मधूनं ती जागा जन्मात पाहिली नव्हती. क्लबच्या सेक्रेटरींनी, घोषबाबूंनी, धावपट्टी आणि तिला जोडलेले रस्ते मिळून झालेल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार पिंपं ठेवलेली दाखवली, 'पिंपांच्या बाहेरून जायचं' एवढं सांगितलं आणि चहा प्यायला गेले. देवधर म्हणाला, आधी पायी चालून रस्ता अंगात मुरवला पाहिजे. म्हणून पहिल्या रविवारी आम्ही दोरी घेऊन मोजायला लागलो. मी वहीत नकाशा काढत होतो. देवधर नेमका कस्टमचा गणवेश घालून आला होता, कारण त्याला तिथून ड्यूटीवर जायचं होतं.

अर्ध्या तासात भोवती पन्नास माणसं जमली. फाळणीत पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं तिथे कडेला झोपड्या बांधून राहत होती. दोरी, वही आणि गणवेश बघून त्यांना वाटलं, सरकार आलं उठवायला. एका म्हातारीनं आमच्यापुढे मुरमुऱ्यांची वाटी ठेवली आणि हात जोडून म्हणाली, "जमी नेबेन ना, बाबू." जमीन घेऊ नका म्हणून विनवत होती बिचारी. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बंगालीत घसा कोरडा होईपर्यंत समजावलं, पण शर्यतीसाठी कुणी रस्ता दोरीनं मोजतो हे त्यांना पटेना. शेवटी मधूनं म्हातारीला डबीत बसवून एक फेरी मारून आणली, तेव्हा कुठे खात्री पटली की हे सरकार नाही, वेडे आहेत.

*

सगळ्यात लांब पट्टीच्या टोकाला ब्रेक नेमका कधी दाबायचा, हे काही केल्या मधूच्या ध्यानात राहीना. तिथे एक पांढरी गाय बांधलेली असायची. देवधर म्हणाला, सोपं आहे, गाय दिसली की ब्रेक. दोन रविवार झकास चाललं.

तिसऱ्या रविवारी गायीच्या मालकानं तिला चांगल्या गवतासाठी दोनशे पावलं पुढे नेऊन बांधलं. मधूनं गाय दिसल्यावर ब्रेक दाबला, अगदी ठरल्याप्रमाणे. डबी वळण सोडून सरळ पुढच्या तळ्यात गेली. चाकं बुडाली, बॉनेटवर जलपर्णीचा हार पडला. मागच्या सीटवर वहिनी डबा डोक्यावर धरून बसली होती. पाणी पायाशी आलं तशी शांतपणे म्हणाली, "चला, आज धुवायची राहिलीच होती."

*

अण्णांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की हलणाऱ्या वस्तूची खूण मूर्ख धरतो. मधूनं रात्रभर तळमळून नवीन युक्ती काढली: पाढे. लहानपणी अण्णांनी असे घोटून घेतले होते, की त्याचा पाढा घड्याळासारखा एका ठेक्यात चालायचा. लांब पट्टीला सतराचा, तळ्याकडच्या बाजूला तेराचा, बाकी दोन बाजूंना एकोणीस आणि बारा. सुरुवातीला वळण यायच्या आत 'सतरा दाहे' गाठायचा. डबी जशी पळायला लागली तसा पाढा आखडला. एक दिवस मधू आनंदानं ओरडत आला, "आज आठेवरच वळण आलं!"

मला पाढे मराठीत येत नव्हते. अण्णांनी मला तेराचा शिकवला, मी तो न अडखळता म्हटला, आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

मधू शेजारीच होता. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की विचारू नका.

*

शर्यतीच्या दोन दिवस आधी घोषबाबूंचा छापील कागद आला. त्यावर धावपट्टीचं चित्र आणि बाण. बाण उलटे! आम्ही महिनाभर घड्याळाच्या दिशेनं फिरत होतो आणि शर्यत होती बरोबर उलट्या बाजूनं. माझ्या नकाशात उत्तर दिशा होती, तळं होतं, गायसुद्धा होती. कुठून कुठे जायचं ते मात्र काढलंच नव्हतं. भूगोलाचा मास्तर मी!

"पण आपण असं का फिरलो?" देवधरनं डोकं धरलं.

वहिनी म्हणाली, "देवळाला अशीच घालतात ना प्रदक्षिणा? उलटी कशी घालणार?"

आणि खरंच, पहिल्या दिवशी कुणीही काही न ठरवता आम्ही चौघं उजव्या हातालाच वळलो होतो. घोषबाबूंना सांगितलं तर ते हसून हसून खुर्चीतून घसरले. "दादा, बीच में मंदिर थोड़ी है, बीच में तो बकरी है!"

सराव बंद झाला होता. मधू तोंड पाडून बसला. अण्णा पेपरातून मान न उचलता म्हणाले, "रस्ता उलटा, तर पाढे उलटे म्हण." देवधरनं सांगून पाहिलं की रस्ता तेवढाच राहतो, पाढा कसाही म्हटला तरी. अण्णांनी त्याला विचारलं, तुम्ही कुठल्या शाळेत होता?

पण गंमत अशी, की घरात बसून म्हणून पाहिलं तर ते जमलं. लांब पट्टीला 'आठे'पासून, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या आकड्यापासून खाली उतरत यायचं आणि 'एके' आलं की ब्रेक. चारी पट्ट्यांना मिळून लक्षात ठेवायचा शब्द एकच! फक्त उलटं म्हणताना मधू मधलंच एखादं घर गाळायचा, अगदी लहानपणापासून. छप्पर असलेल्या गाड्यांच्या शर्यतीत चालवणाऱ्याशेजारी एक माणूस बसलेला चालत असे. अण्णांनी कोट चढवला, काळी टोपी घातली आणि कुणाला न विचारता डबीत जाऊन बसले.

*

सहा गाड्या सुटल्या. मी, देवधर आणि वहिनी गवताच्या भाऱ्यावर उभे होतो. डबी समोरून गेली की इंजिनाच्या वर अण्णांचा आवाज ऐकू यायचा, "एकोणीस पंचे... एकोणीस चोक..." लोक आपसांत विचारत होते, म्हातारा मंत्र म्हणतोय का? वहिनीनं डोळे मिटून घेतले होते आणि तिचेही ओठ हलत होते.

शेवटच्या फेरीला डबी तिसरी होती. पुढे चहाच्या मळ्याचा एक साहेब. लांब पट्टीवर दोघं आले. आत काय झालं ते मधूनं नंतर सांगितलं. त्याचं सगळं लक्ष साहेबाच्या गाडीकडे. सतरा पंचेवरून त्यानं एकदम त्रिकावर उडी मारली, दुणे, एके, आणि पाय ब्रेककडे गेला. तेवढ्यात अण्णांनी त्याचा कान धरला.

"चोक कुठे गेलं? पुन्हा म्हण."

चाळिशीला आलेला बँकेतला अधिकारी, त्याचा पाय निमूटपणे ब्रेकवरून सरकला. "सतरा चोक, सतरा त्रिक, सतरा दुणे, सतरा एके!" तोवर साहेबानं ब्रेक दाबला होता. डबी त्याच्या शेजारून सूं करून पुढे गेली, वळणावरच्या गवताच्या भाऱ्याला घासली, एका अंगावर कलली आणि पुन्हा चारी चाकांवर आली. दुसरा नंबर!

आम्ही धावत गेलो. घोषबाबूंनी मधूला मिठी मारली, देवधर रडायलाच लागला. मधू कुणाकडेच बघत नव्हता. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा कान लालबुंद, आणि नजर अण्णांवर.

अण्णा सावकाश उतरले. टोपीवरचं गवत झटकलं. खिडकीशी वाकून विचारलं, "सतरा चोक?"

"अडुसष्ट," मधू म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. मग ते गाडीच्या पुढे गेले आणि वाफाळत्या बॉनेटवर हाताचा पंजा ठेवला.

"शाब्बास!" ते डबीला म्हणाले.

पत्रा तापून लाल व्हायचा बाकी होता. तरी बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही.