नारळ फोडलेलं घोरण्याचं मशीन

विचुंब्यात रिक्षातून उतरा आणि कुणालाही विचारा, घोरण्याच्या मशीनवाली प्रांजल घरत कुठं राहते. पानवाला नुसता हात नाय दाखवणार, दुकान सोडून घरापर्यंत पोचवायला येईल. एवढं नाव हाय तिचं. हे तिचा दादूस, म्हणजे भाऊच, सांगतोय म्हणून फुगवून सांगतोय असं ज्याला वाटतं, त्यानं खुशाल पनवेलच्या एसटी स्टँडपासून उरणच्या बंदरापर्यंत फिरून यावं, तिच्यासारखी दुसरी दाखवावी, आणि मग तोंड उघडावं.

आता घोरण्याचं मशीन म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे. काही माणसं झोपेत नुसती घोरत नाय, घोरता घोरता त्यांचा श्वास अडकतो. थांबतो, मग माणूस दचकतो, परत सुरू होतो. रात्रभर हाच खेळ. सकाळी उठतो तो न झोपल्यासारखा, आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्याच्यावर एक मशीन मिळतं, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडं मोठं. त्याला नळी, नळीला मास्क, आणि मास्क नाकाला. मशीन हवा ढकलत राहतं, गळा मिटत नाय. नवीन घ्यायला गेलं की चांगल्या चांगल्यांना घाम फुटतो. घेणारे घेतात, आठवडाभर लावतात, जमलं नाय की माळ्यावर टाकतात. नायतर माणूसच जातो आणि मशीन मागं राहतं.

प्रांजलचा धंदा तिथून सुरू होतो. अशी मशीनं ऑनलाइन लिलावात येतात. ती फोटो मोठे करून करून बघते, किती तास चाललंय ते विचारते, आणि बोली लावते. सासर गावातच हाय, पण टेबल माहेरच्या पडवीत; आणलं की त्याच्यावर उघडते, साफ करते, चालवून कान लावते. मग परत लिलावात टाकते, नायतर ओळखीनं गिऱ्हाईक येतं. सुरुवातीला एकदा फसली. आतला फोम सडलेलं मशीन गळ्यात पडलं, हात लावला की काळा भुगा. दुसरी असती तर धंदा सोडून बसली असती. तिनं ते मशीन फळीवर समोरच ठेवलं, रोज दिसायला पाहिजे म्हणून.

तिचे नियम कडक. मास्क, नळी आणि फिल्टर जुना कधीच नाय द्यायचा, ते नवीनच. डॉक्टरचा कागद नाय तर मशीन नाय. आणि मशीन कुणाच्या घरून आलं ते विचारलं तर खरं सांगायचं, माणूस गेला असेल तर गेला म्हणून सांगायचं. ह्या तिसऱ्या नियमानंच पुढं सगळा घोळ झाला.

झालं असं, की बाबा, म्हणजे बळीराम घरत, मंडपवाल्याचं सामान टेम्पोनं पोचवतात. विचुंब्यात त्यांचं घोरणं म्हणजे कौतुकाची गोष्ट. दुपारी ओटीवर आडवे झाले की शेजारची सुनबाई म्हणायची, "काकांनी इंजिन चालू केलं." बाबांनापण त्याचा मोठा तोरा. पण एका सकाळी ओवे गावाजवळ, उजेडात, सरळ रस्त्यावर, त्यांचा डोळा लागला. टेम्पो वाळूच्या ढिगात शिरला. माणूस कुणी नव्हता तिथं, देवानंच राखलं. बाबा खाली उतरले आणि म्हणाले, ब्रेक लागला नाय. प्रांजलनं ब्रेक तपासून घेतला. ब्रेक चांगला होता.

तिनं टेम्पोची चावी काढून स्वतःच्या कमरेला खोचली आणि बाबांना झोपेच्या तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा, आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही.

घरी आल्यावर बाबा ओटीवर बसले आणि एकच वाक्य बोलले. "मना नको तो डबा."

"का नको?"

"बाय, तू ती मशीनं कुठनं आणतेस, मना माहीत नाय? मेलेल्याची वस्तू हाय ती. मेलेल्याचं अंथरूण आपण घरात ठेवतो का? खाडीवर नेऊन टाकतो. आनि मी मेलेल्याचा श्वास नाकाला लावू?"

तिचा दादूस धर्मराज, म्हणजे हे सांगणाराच, तिथंच होता. तो म्हणाला, "त्यात काय, नवं कोरं आणतो. उद्या आणतो. पनवेलातलं सगळ्यात भारी."

आणलं असतं. धर्मराज घरत बोलला की करतो. पण प्रांजल अशी वळली त्याच्याकडं. "दादूस, नवं आणलंस तर पडवीतलं टेबल उचलून घेऊन जा. बापानं माझं मशीन नाय लावलं तर दुसऱ्याच्या बापाला मी कुठल्या तोंडानं देऊ?"

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. नवीन पनवेलचे जीवन साहेब, बँकेतून निवृत्त झालेले, मशीन बघून गेले होते. जाता जाता त्यांनी सरळ विचारलं, "ताई, तुमच्या वडिलांनाही हाच त्रास आहे ना? ते तुमच्याकडचंच वापरतात?"

खोटं बोलता आलं असतं. कुणी बघायला येणार नव्हतं. ती म्हणाली, "अजून नाय. लावतील."

"मग लावल्यावर कळवा," जीवन साहेब म्हणाले, आणि रिकाम्या हातानं गेले. त्यांनी ते आणखी चार जणांना सांगितलं असणार, कारण फोन यायचे कमी झाले.

बाबांना पाहिजे त्या प्रकारचं मशीन नेमकं तिच्या फळीवर नव्हतं. श्वास घेताना एक दाब आणि सोडताना दुसरा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ती रोज लिलाव चाळत बसली. शेवटी एक दिसलं, तेपण जवळचं, उरणचं, जास्त न चाललेलं. लिलाव संपायची वेळ आणि ओव्याला मामेबहिणीचा साखरपुडा, दोन्ही एकाच दुपारी. एका बाजूला बायका फोटोला ओढतायत, दुसऱ्या बाजूला डीजे, आणि ही पातेल्यांच्या मागं मोबाईल घेऊन उभी.

"काय गो, सासरचा फोन हाय काय?" मामी ओरडली.

"नाय मामी, लिलाव!"

"कसला लिलाव? आनि ह्या साडीत?"

तिची एक सवय हाय. आधी बोली लावत नाय. दुसऱ्यांना आपसात भिडू देते. शेवटची काही सेकंदं राहिली की एकदाच घालते, आणि जोरात घालते. त्या दिवशी घातली आणि मशीन तिचं झालं. मग फोटोला गेली. त्या फोटोत नवरीपेक्षा हीच जास्त हसतेय.

संध्याकाळी विकणाऱ्याचा फोन आला. जगन नाव, कोळ्यांचा पोरगा, मासेमारीची होडी चालवणारा. आवाज पडलेला. "ताई, माफ करा. माझे बाबा वारले, त्यांचं मशीन होतं. मना वाटलं कुनाच्या तरी कामाला येईल, म्हनून टाकलं लिलावात. पन आई आयकत नाय. म्हनते, बाबांचं अंथरूण खाडीवर जाईल तसं हेपन जाईल. तिनं गाठोड्यात बांधून ठेवलंय. उद्या भरतीला नेनार."

दुसरा कुणी तक्रार टाकून मोकळा झाला असता. प्रांजलनं सकाळी उजाडताच स्कूटी काढली आणि उरण गाठलं.

सुतक परवाच फिटलेलं, पण घर अजून दुखवट्यात. चहापाण्याचं कुणाला सुचत नव्हतं. ओटीवर गाठोडं ठेवलेलं, गोधडी, उशी, चादर, आणि मधूनच नळी बाहेर आलेली. बाजूला जगनची आई ठमाबाई बसलेली. म्हातारी काटक, डोळे सुजलेले, पण नजर अजून धारदार.

"लिलावाचा हक्क सांगायला आलीस काय?"

"नाय मावशी. बापूससाठी आले."

"त्याला काय झालं?"

"तुमच्या मालकांचंच दुखणं. टेम्पो चालवताना डोळा लागतो. मशीन मिळालं तर लावायला नको म्हणतो. म्हणतो मेलेल्याचं हाय."

ठमाबाईनं तिच्याकडं बघितलं. "बरोबर बोलतो तुझा बापूस. अंथरुणातली वस्तू अंथरुणाबरोबर जाते. रीत हाय."

समोर धक्क्याला होड्या लागलेल्या. एक निळी होडी, ताजा रंग, पुढच्या टोकाला, नाळेला, झेंडूचा हार.

"ती कुणाची मावशी?"

"आमचीच. ह्याच्या बापाची. आता जगन नेतो."

"ती नाय सोडली खाडीत?"

"अगो, होडी कोन सोडतं? होडी अंथरूण हाय काय? बापाच्या हातचं सुकान जुनं झालेलं ते बदललं, रंग मारला, नारळ फोडला, पोराच्या हातात दिली. होडी चालायला पायजे."

"मावशी, अंथरुणावर माणूस पडतो. हे मशीन तर रात्रभर चालत होतं. तुमचे मालक निजायचे, हे जागं राहायचं. मग हे अंथरूण की होडी?"

जगन दाराशी उभा, आईकडं बघत. म्हातारीनं गाठोड्याची गाठ सोडली, मशीन बाहेर काढलं, आणि पदरानं पुसलं.

"ह्याचा आवाज बारीक होता," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून पयल्यांदा मना झोप लागली ती हे आल्यावर."

मग मास्क हातात घेतला. "पन हे? हे तर तोंडाला लागलेलं."

"ते अंथरूण. ते मी कधीच नाय ठेवत. नळीपण नाय. ते गाठोड्यातच जाऊ दे."

"गाठोड्यात नको गो! खाडीत प्लास्टिक टाकलं तर उद्या आमच्याच जाळ्यात येतं. घंटागाडीत टाक."

जगन फिस्सकन हसला आणि लगेच तोंड दाबलं. ठमाबाईपण हसली, डोळे पुसता पुसता. लिलावात ठरलं होतं तेवढेच पैसे प्रांजलनं दिले, वर एक रुपया नाय आणि खाली एक रुपया नाय. मशीन म्हातारीनं स्वतः तिच्या हातात ठेवलं.

घरी आली, साफ केलं, चालवून बघितलं. दवाखान्यात नेऊन बाबांच्या कागदाप्रमाणे दाब लावून घेतला. मग ओटीवर बाबांच्या समोर ठेवलं आणि सगळं खरं सांगितलं, कुणाचं, कुठनं, कसं.

"म्हनजे मेलेल्याचंच," बाबा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

"बाबा, टेम्पो कुणाचा?"

"माझा."

"आधी कुणाचा होता?"

"पेन गावच्या मानसाचा."

"त्याचं काय झालं?"

"अटॅक आला. गेला तो."

"मेलेल्याच्या टेम्पोत तुमी इतकी वर्षं बसता?"

"अगो ते वेगळं! गाडी आनली तवा सीट बदलली. जुनं कव्हर टाकून दिलं. सगळी धुऊन काढली. नारळ फोडला. मग ती माझी झाली."

प्रांजलनं पिशवीतनं नवा मास्क काढला, सील न तोडलेला. "ही सीट." नवी नळी काढली, फिल्टर काढला. "हे कव्हर. धुऊन झालंय. नारळ राहिलाय."

आतनं आई, सखूबाई, नारळ आणि हळदकुंकू घेऊन आली. ती कधीची दारामागं उभी राहून ऐकत होती. बाबांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा लेकीकडं. कोंडीत सापडले, पण हार कबूल करतील तर ते बळीराम घरत कसले.

"लिंबूमिरची कुठं बांधनार? नळीला?"

"तुमच्या मिशीला बांधते," आई म्हणाली.

"आन तो नारळ इकडं. गाडी माझी हाय ना? मग मीच फोडनार."

अंगणात पाट मांडला, पाटावर मशीन. शेजारची सुनबाई बघायला आली. कुणीतरी विचारलं, बळीरामकाका, पासिंग कुठलं, एमएच शेहेचाळीस काय? बाबांनी कुंकवाचं बोट लावलं, उंबऱ्याच्या दगडावर एका फटक्यात नारळ फोडला आणि अर्धी वाटी प्रांजलच्या हातात दिली.

पण नारळ फोडला म्हणून झोप लागत नाय. पहिल्या दुपारी बाबांनी मास्क ओरबाडून काढला आणि म्हणाले, नाकात वादळ शिरलंय. प्रांजलनं परत लावला. दुसऱ्या दिवशी पट्टा टोचला, तिनं सैल केला. रात्री काढून फेकला, सकाळी तिनं उचलून धुतला. ती रोज दुपारी त्यांच्या पायाशी बसायची, कमरेला टेम्पोची चावी. बाबा डोळे उघडून चावीकडं बघायचे, मग मशीनकडं, आणि शिव्या देत परत डोळे मिटायचे. दोघांतलं कुणीच हटायला तयार नव्हतं, आणि हट्ट एकाच घरातला.

मग एक दुपार अशी आली की आई भांडी टाकून धावत ओटीवर आली. "अवो! अवो, काय झालं? आवाज का येत नाय?"

प्रांजलनं तोंडावर बोट ठेवलं. बाबांची छाती वर खाली होत होती, सावकाश. मशीनचा बारीक आवाज, बाकी काय नाय. आई तिथंच खांबाला टेकून खाली बसली. शेजारची सुनबाई कुंपणावरून विचारत होती, काकांचं इंजिन बंद पडलं काय?

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मशीनमधली नोंद बघितली आणि गाडीला परवानगी दिली. प्रांजलनं दवाखान्याच्या पायरीवरच चावी बाबांच्या हातात ठेवली. घरी आल्या आल्या तिनं जीवन साहेबांना फोन लावला, तर बाबांनी तो हातातनं काढूनच घेतला.

"साहेब, बळीराम घरत बोलतोय. मी लावतो. पोरीनं दिलेलंच लावतो. हो, माणूस गेलेला हाय त्याचा. माझ्या टेम्पोचापन गेलेला हाय. तुमी या. पन येताना एक काम करा..."

दुसऱ्या दिवशी जीवन साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात डॉक्टरचा कागद, आणि काखेत शेंडीवाला नारळ. बाबांनी टेम्पो बाहेर काढायचं थांबवलं, खाली उतरले, आणि त्यांच्यासाठी पाट आणायला स्वतः आत गेले.