क्रोमवरचा गेरू

आमच्या वडिलांच्या घरी लाल रंगाला एकच नाव आहे, गेरू. ओट्याला लावतात तो गेरू, तुळशीच्या कुंडीला लावतात तो गेरू, आणि माझ्या चुलतभावाने ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातला ऑईल पेंट, तोही गेरूच. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी फसले आणि एक अख्खा शनिवार चार चाकांपुढे उकिडवी बसून घालवला.

चाकं माझी असती तर बसले नसते. लाल तर लाल, तशीच फिरवली असती. पण ती होती माझ्या मोठ्या दिरांची. आमच्या गावाकडे त्यांना भासरे म्हणतात, तोंडावर भाऊजी. भासरे अमरावतीत वकील आहेत, त्यांचे वडीलही वकील होते, आजोबाही. गाडी तशी जुनी आहे, पण चाकांना त्यांनी नागपूरहून क्रोम चढवून आणलं आहे, आणि त्यात पाहून माणूस भांग पाडू शकतो. दर रविवारी सकाळी जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन ते ही चाकं स्वतः पुसतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

यंदा पोळ्याला आमची गाडी गॅरेजात पडली होती आणि भासरे लेकीकडे पुण्याला निघाले होते. ते स्वतःच म्हणाले, "माझी घेऊन जा. उभी राहून बॅटरी उतरेल. फक्त चाकं चिखलात घालू नका." श्रावण सरताना बार्शीटाकळीच्या पुढे काळ्या मातीच्या गावात गाडी न्यायची आणि चाकं चिखलात घालायची नाहीत, हे कसं जमवायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही. तरी मी जमवलं. पक्क्या रस्त्यापासून बाबांच्या दारापर्यंत नवऱ्याला पुढे चालवलं आणि त्याने दाखवलेल्या कोरड्या जागेवरून गाडी आणली. गाडी कडुनिंबाखाली लावली तेव्हा चाकांवर फक्त धूळ होती.

बाबांनी बैलजोडी दिली त्याला काही वर्षं झाली. गुडघे गेले, वैरणपाणी होईना, म्हणून दिली. तेव्हापासून पोळ्याला ते मातीचे बैल पूजतात आणि दिवसभर कोणाशी धड बोलत नाहीत. आम्ही पोचलो ती खांदमळणीची संध्याकाळ होती, म्हणजे बैलांचे खांदे तूपहळदीने चोळून त्यांना जेवणाचं आमंत्रण द्यायची. बाबा काठी टेकत गाडीजवळ आले, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही हसलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं आखरावर, गावाबाहेर जिथे सगळ्यांच्या बैलजोड्या जमतात तिथे, पोळा पाहायला गेलो. बाबा गुडघ्यांमुळे घरीच थांबले. पोळा फुटल्यावर परत आलो तर चारही चाकं लालभडक. हवा भरायच्या तोंडांवरची टोपणं हिरवी. बॉनेटवर बेगड, आरशाला झेंडूची माळ, पुढे फुटलेला नारळ, आणि एका पळसाच्या पानावर पुरणपोळी. बाबा बाजेवर बसून हात पुसत होते. इतके खुशीत मी त्यांना जोडी गेल्यापासून पाहिले नव्हते.

"बाबा, हे काय केलं?"

"काहून? दारात उभं हाय ते जनावर. सणाच्या दिवशी त्याले तसंच ठेवू?"

"पण लावलं काय?"

"गेरू."

गेरू म्हटल्यावर मी निवांत झाले. गेरू पाण्याने जातो. चमकत होता हे मला दिसत होतं, पण मी म्हटलं ओला आहे म्हणून चमकतो. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर फडकं घेऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. अमरावतीला जाऊन नळी लावू, झालं. मूर्तिजापूरपर्यंत ट्रकवाले हॉर्न वाजवून हसत होते. नवरा खिडकीतून त्यांना हात दाखवत होता, लग्नाच्या वरातीत बसल्यासारखा.

घरी नळी लावली. धूळ गेली, लाल होतं तिथेच. साबण लावला, लाल आणखी चमकायला लागलं. मी फोन केला.

"बाबा, तो गेरू जाऊन नाही राहिला."

"कसा जाईन? ट्रॅक्टरचा हाय. दोन हात मारले मी. पावसानं बी जात नाई."

"मग गेरू काहून म्हणता त्याले?"

"मंग काय म्हनू? लालच हाय ना माय."

मी फोन ठेवला.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण सासरी तीन पिढ्या शिकलेल्या आहेत आणि तिथे हे कोणी विचारत नाही. तिथे माझ्या बाबांची एक गोष्ट आहे. लग्नाच्या आधी ते पहिल्यांदा या घरी आले तेव्हा चपला दाराबाहेर काढल्या आणि हातात घेऊन आत आले. बैठकीत सोफ्यावर बसले तेही चपला मांडीजवळ ठेवून. आमच्या गावात कुत्रं चपला नेतं, खरंच नेतं. पण ही गोष्ट दर दिवाळीला फराळासोबत येते, भासरे ती रंगवून सांगतात आणि सगळे हसतात. वाईट मनाने नाही हसत. तरी हसतात. आता त्या गोष्टीला दुसरी गोष्ट मिळणार होती, पहिलीपेक्षा चारपट लाल. रविवारी भासरे येणार होते. त्याआधी चाकं जशी होती तशी करायची आणि बाबांचं नाव कुठे निघू द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मधले दिवस ऑफिसात गेले आणि तेवढ्यात रंग आणखी पक्का झाला. शनिवारी सकाळी नवऱ्याला बाजारात पाठवलं. जेलसारखा पेंट रिमूव्हर आणा, एवढंच सांगितलं. तो घेऊन आला संडास साफ करायचं ॲसिड, पॉलिश पेपर आणि समोसे.

"हे काय आहे?"

"अगं, व्हिडिओत दाखवलं. ॲसिड टाकलं की पाच मिनिटांत साफ."

"हायड्रोक्लोरिक आहे ते. रंग जाईल की नाही माहीत नाही, क्रोम नक्की जाईल."

"तो माणूस तर हसत होता व्हिडिओत."

"त्याला गाडी तुमच्या दादाला परत द्यायची नव्हती."

समोसे खाऊन तो पुन्हा गेला आणि या वेळी बरोबर डबा घेऊन आला. गाडी आंब्याच्या सावलीत घेतली, कारण उन्हात हा जेल लागायच्या आधीच वाळतो. टायरवर वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी लावली, रबराला लागू नये म्हणून. प्रयोगशाळेतले जाड हातमोजे घातले, चष्म्यावर चष्मा चढवला. ब्रशने जेल जाड थापायचा, पुसत पुसत लावायचा नाही, वरून पॉलिथिन गुंडाळायचं आणि गप्प बसायचं. ही गप्प बसायची पायरी आमच्या कॉलनीत शक्य नाही.

शेजारचे रिटायर्ड काका कुंपणावरून म्हणाले, "रॉकेल लावा."

"मिळतं कुठे रॉकेल आता, काका?"

"ते खरं. पण मिळालं तर लावा."

मागच्या काकू येऊन विचारून गेल्या की गाडीची पूजा दसऱ्याला असते, आम्ही एवढ्या लवकर कशी केली. नवरा दर दोन मिनिटांनी पॉलिथिन उचलून पाहत होता. खीर ढवळल्यासारखं. मी त्याला सांगितलं, तुम्ही पाहिलं नाही तरी ते होतं.

पॉलिथिन काढलं तेव्हा लाल रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. शाळेतल्या प्लास्टिकच्या पट्टीने तो निघू लागला. लोखंडी काही लावायचं नाही, चरा पडतो. खालून क्रोम दिसलं आणि मला बरं वाटलं, अर्धा मिनिट. मग कळलं की हा फक्त वरचा हात निघाला. खाली दुसरा हात होता, आणि पहिला हात मारताना बाबांनी चाक पुसायचीही तसदी घेतली होती, त्यामुळे तो चांगला घट्ट बसला होता. आयुष्यभर आमच्या घरी एकही काम पुरं झालं नाही. झाकणं सैल राहतात, दारं लागत नाहीत, पण रंग दोन हात.

पुन्हा जेल, पुन्हा पॉलिथिन. नटांच्या खाचांत टूथब्रश. जेलचा एक थेंब हातमोज्याच्या वर मनगटावर उडाला आणि मी नळाकडे पळाले, तो डाग अजून आहे. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसून आणि पाण्याने धुऊन पहिलं चाक झालं. दुसऱ्याच्या वेळी कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून मी आत गेले. परत आले तर नवरा भांड्याच्या तारेच्या घासणीने चाक घासत होता. घामाघूम होऊन, मनापासून.

"काय करून राहिले तुमी?" मी चिडले की वऱ्हाडीत येते.

"लवकर निघतंय अगं, बघ."

निघत होतं खरं. रंगासोबत क्रोमची चकाकीही निघत होती. तळहाताएवढ्या जागी बारीक बारीक ओरखडे, धुक्यातल्या काचेसारखे. मी घासणी घेतली आणि कुंपणापलीकडे फेकली. काकांनी ती परत आणून दिली.

तिसऱ्या चाकाच्या आतल्या बाजूला रंगाचा एक ओघळ आला होता आणि तो बाबांनी अंगठ्याने पुसला होता. अंगठ्याचा ठसा तसाच्या तसा, रेघांसकट. मी पट्टी हातात घेऊन त्याच्याकडे पाहत राहिले. मग तोही काढला. काय करणार, चाक भासऱ्यांचं.

चौथ्या चाकाला पॉलिथिन गुंडाळलं आणि फाटकाशी रिक्षा थांबली. भासरे. एक दिवस आधी.

नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "कॉलनीतल्या पोरांनी केलं म्हणू. तान्हा पोळा होता, पोरांचाच सण, खपेल."

भासरे बॅग ठेवून सरळ गाडीकडे आले. खाली लालेलाल वर्तमानपत्रं, माझे हात, गुंडाळलेलं चाक, सगळं पाहिलं. "काय केमिस्टबाई, ऑपरेशन चाललंय का?"

"दादा, ते कॉलनीतली पोरं," नवऱ्याने सुरुवात केली.

दिवसभर मी हेच तर करत होते, बाबांचं नाव निघू नये म्हणून. आणि नवऱ्याच्या तोंडून ते ऐकल्याबरोबर मला ते इतकं खोटं आणि इतकं हलकं वाटलं की माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाने चोरी केली नव्हती. सणाला दारात आलेल्याला त्याने उपाशी ठेवलं नव्हतं.

"पोरं नाहीत, भाऊजी. माझ्या बाबांनी केलं. पोळ्याला तुमची गाडी रंगवली."

भासरे वळले. "चारही चाकं?"

"चारही. नारळ फोडला. पुरणपोळी दाखवली."

"गाडीला?"

"गाडीला. आदल्या दिवशी आवतनही दिलं होतं."

"मग खाल्ली का तिने?"

"नाही. तुमच्यावर गेली आहे. गोड चालत नाही तिला."

भासऱ्यांना साखर आहे आणि ते चोरून पेढे खातात, हे सगळ्यांना माहीत आहे.  ते खाली बसले आणि पुण्याच्या प्रवासातला रुमाल काढून एकेक चाक पुसू लागले. पहिलं ठीक. दुसऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे ओरखडे? हेही तुझ्या बाबांचे?"

"नाही. बाबांचं सगळं निघालं. हे निघणार नाही. हे तुमच्या भावाचं आहे, एम.कॉम.चं."

नवरा आंब्याच्या झाडाला कैऱ्या आहेत का ते पाहू लागला. भाद्रपदात.

भासरे हसले की नाही ते मला दिसलं नाही, ते चाकाकडे तोंड करून होते. एवढं मात्र ऐकलं, "यंदा दिवाळीला चपला नकोत म्हणजे. नवा माल आला."

"सांगा ना," मी म्हटलं. "पण मी असताना सांगा. आणि घासणीसकट सांगा. अर्धी सांगितली तर उरलेली मी सांगीन."

ते उठले, बाह्या वर केल्या आणि विचारलं, ते चौथ्याचं पॉलिथिन कधी काढायचं. मी म्हटलं, अजून व्हायचं आहे, कोणी उचलून पाहू नका. दोघा भावांपैकी एकाने ऐकलं.

तेवढ्यात फोन वाजला. माझे हात जेलने भरले होते, नवऱ्याने तो माझ्या कानाला धरला. बाबा होते.

"काय मंग, जावयाच्या भावाले गाडी आवडली का? रंग टिकला का तिचा?"

भासरे माझ्याकडे पाहत होते. मी चौथ्या चाकाकडे पाहिलं. पॉलिथिनखाली लाल तसंच्या तसं होतं, एक सुरकुती नाही.

"टिकला बाबा," मी म्हटलं. "निघता निघून नाही राहिला."

"मंग," बाबा म्हणाले. "मी म्हटलं नोतं?"