सासूबाईंचा घट आणि माझी पेटी

गच्चीवर मी बिनमातीची बाग केलीय, हे गुलमंडीतल्या दुकानदारापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. प्लास्टिकची काळी पेटी, झाकणाच्या भोकांत रोपं आणि आत अंधारात लोंबणारी मुळं. छोटा पंप थोड्या थोड्या वेळानं मुळांवर खताच्या पाण्याचं धुकं सोडायचा. उरलेलं पाणी खाली साठून पुन्हा वापरात यायचं. नळ कधी येईल याचा नेम नसलेल्या त्या दुष्काळी वर्षांत मला या पेटीची कोण मिजास होती!

सासूबाई गावाकडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. झाकण उचलून म्हणायच्या, "अशी उघडी मुळं टांगून ठिवतीस, पोरी, लाज वाटत नसंल का त्यांना?" मेथीची भाजी मात्र मागून घ्यायच्या.

त्यांना खरा घोर होता धाकट्या मुलाचा. माझे दीर दौलताबादच्या पलीकडे एकटेच शेत सांभाळत होते. खरीप हातचा गेला होता. आता ज्वारी पेरावी की रान पडीक टाकून वाळूजला कंपनीत लागावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. दसऱ्याला येतो, घट बघतो आणि ठरवतो, असं ते फोनवर म्हणाले होते. घटाभोवतीचं धान जोमानं आलं तर पुढचं पीक चांगलं, असं आमच्या घरात धरतात.

मग काय, त्या नवरात्रात सासूबाईंचा सगळा जीव घटात. दिरांनीच पाठवलेल्या शेतातल्या मातीत त्यांनी धान पेरलं. पण नळ काही येईना, आणि टँकरचं पाणी देवाला चालायचं नाही म्हणून त्या हंड्याच्या तळाचं पाणी जपून शिंपडत राहिल्या. मी सांगून थकले. अष्टमीपर्यंत चार पिवळ्या काड्या उगवल्या आणि आडव्या झाल्या. मला त्यांचा रागही आला आणि जीवही तुटला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या गच्चीवर आल्या. पेटीवरच्या जाळीत मी रसासाठी लावलेला गहू वीतभर वाढला होता.

"यातलं दे थोडं," त्या म्हणाल्या.

"आई, हे टँकरच्याच पाण्यावर आलंय."

"देवाला कळलं तर कळू दे. पोराला नको कळाया."

आम्ही दोघींनी मुळांच्या गादीसकट गव्हाचे तुकडे कापले आणि घटाच्या मातीवर मांडले. देवघराच्या सावलीत इतकं हिरवं धान कधी येत नाही, हे दिसत असूनही मी शेवटचा तुकडा नीट दाबून बसवला.

दीर आले, घट बघून हरखले. टोपीत तुरा खोवायला त्यांनी चिमूटभर धान उपटलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं पांढरीशुभ्र, मातीचा कण नाही. त्यांनी मुळांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सासूबाई पदर चुरगाळत उभ्या होत्या.

"लई जोमात आलंय, आई," ते म्हणाले आणि तुरा टोपीत खोवला. "पेरतो ज्वारी."

जेवणं झाल्यावर मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. राहवेना म्हणून विचारलं, "भाऊजी, तुम्हाला कळलं ना?"

"व्हय, कळलं की." त्यांनी गाडीला किक मारली. "माझ्यापायी आईनं देवालासुदीक फशिवलं, वहिनी. आता नाय पेरून कसं चालंल?"