गोवऱ्या घेऊन अंदमानला

हलगी वाजवायची तर आधी शेकावी लागते. कातडं विस्तवावर धरायचं, टिचकी मारून बघायची, आवाज चढला की उचलायची. थोडं वाजवलं की पुन्हा शेकायची. आमच्या सेनगावाकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देशभरातले कलावंत गोळा करून दरवर्षी बेटांवर महोत्सव भरवणाऱ्यांना मात्र ते ठाऊक नव्हतं, आणि सांगितल्यावर ऐकायचंही नव्हतं. याचा मला अजून संताप येतो.

आजोबांनी धम्म स्वीकारला आणि गावाची हलगी सोडली. कुणाची मयत असो की वरात, बोलावणं आलं की वाजवत जायचं आणि लांब बसून शिळंपाकं खायचं, ते बंद झालं. बाबा पुढे हलगी शिकले ते स्वतःच्या हौसेनं, आणि वाजवायचे फक्त जयंतीच्या मिरवणुकीत. त्या मिरवणुकीची चित्रफीत मीच महोत्सवाला पाठवली होती. अंदमानहून पत्र आलं तेव्हा बाबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"मानानं बोलावलं म्हून लिवलंय का त्याच्यात?"

"व्हय, सन्मानपूर्वक लिवलंय."

सत्तरी गाठलेल्या माणसाला एवढंच हवं होतं. आपली हलगी कुणीतरी मानानं बोलावून ऐकावी.

बाबा, मी आणि दोन चुलतभाऊ असे चौघे निघालो. बाबांनी पिशवीत सात गोवऱ्या घातल्या. "दर्याची हवा ओली ऱ्हाते. कातडं सैल पडंल. तिथं गवऱ्या कुठं भेटतील?" म्हणणं बरोबर होतं. विमानतळावर तपासणीत त्या एकेक करून बाहेर काढल्या गेल्या आणि रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावून हसली. बाबांनी त्या पुन्हा आत भरल्या आणि शांतपणे पिशवीची चेन लावली.

बेटावर उतरल्यावर व्हायचं तेच झालं. हलगीवर काडी मारली की ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज. बाबा गोवऱ्यांची पिशवी घेऊन थेट मंडपामागच्या भटारखान्यात गेले. तिथला आचारी भला माणूस, त्यानं लगेच एक शेगडी रिकामी करून दिली. तेवढ्यात कार्यक्रमाच्या संयोजक बाई आल्या. आग चालणार नाही म्हणाल्या. शेजारी चार शेगड्यांवर रस्सा उकळत होता, तो चालत होता.

"गाना हमारे पास है," बाई म्हणाल्या. "आप लोग बस हाथ चलाइए."

आणि वॉकीटॉकीवर बोलत निघून गेल्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. परतीची तिकिटं त्यांच्याकडे होती, असं कारण मी स्वतःला दिलं.

मंचावर गेलो तर कर्ण्यांतून ढोलताशा सुरू झाला. हलगी नव्हेच! चौघांच्या गळ्यात हलगी आणि हवेत ढोलताशा, हा फरकही समोरच्या हजारभर लोकांत कुणाला कळला नाही. चुलतभाऊ आणि मी कातड्याच्या बोटभर वर काड्या नाचवत होतो, वर हसतही होतो. बाबांनी काड्या कमरेला खोचल्या आणि हात खाली सोडून लोकांकडे बघत चार मिनिटं नुसते उभे राहिले. टाळ्या पडल्या. चौघांनाही उत्कृष्ट वादनाचं प्रमाणपत्र मिळालं.

मंचामागे मी बाईंच्या नावानं बोटं मोडायला लागलो. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"गावात नको म्हनलं तरी वाजवायला लावत व्हते," ते म्हणाले. "हितं वाजवतो म्हनलं तर वाजवू देईनात. त्यांचं सोड, त्यानला काय म्हाईत." मग प्रमाणपत्राची गुंडाळी माझ्या हातात दिली. "पन तू काहून हात हालवून राहिलता?"