वाटीवरचं बोट

ती घटना आठवली की आजही माझी बोटं आपोआप मुठीत वळतात. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी शहाद्याच्या ठाण्यात फौजदार होतो, नोकरीत तसा नवाच.

गावातले एक मारवाडी कापड व्यापारी, थोरले शेठ, बैलगाडीतून डोंगराकडच्या बाजाराला गेले आणि परतलेच नाहीत. गाडी आली, बैल आले, गाडी हाकणारा सालदार, शेठकडे सालानं राबणारा पावरा आदिवासी, आला. शेठ नाहीत. सालदाराला कोठडीत घेतलं. त्याचं एकच पालुपद. लोणखेड्याजवळ दिवस मावळताना कपाशीतून कोणीतरी शेठना हाक मारली. "तू हो पुढे," म्हणून शेठ उतरले.

"हाक कोणाची?" मी विचारलं.

"मी मांगे दखं नही, साहेब."

"का नाही बघितलंस?"

तिन्हीसांजेला न दिसणाऱ्याची हाक आली तर मागं वळायचं नाही, असं त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं. जमादार खो खो हसला. "साहेब, हाऊ येडं बनाडी ऱ्हायना. दोन दिवस मन्हा ताब्यात द्या." मी दिला नाही, पण माझाही त्याच्यावर विश्वास नव्हता. प्रेत मिळालं की हा फासावर जाणार, हे ठाण्यात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याची बायको रोज सकाळी येऊन समोरच्या निंबाखाली बसे. रडत नसे, काही मागत नसे. नुसती दाराकडे बघत बसे. त्या बघण्यानं मला जेवण जाईना.

अशात एक दिवस पोस्टमास्तर आले. शर्ट घामानं भिजलेला.

"फौजदारसाहेब, हसू नका. आम्ही चौघे रविवारी दुपारी प्लँचेटला बसतो."

मला हसूच आलं. त्या काळी मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात शब्दांची बक्षीस-स्पर्धा येई. इतक्या अक्षरांचा शब्द हवा, त्यात अमुक अक्षरं हवीत, असलं काहीतरी. सगळा शिकलेला गाव त्यानं येडा झाला होता. यांनी त्यावर तोड काढली होती. कागदावर गोल इंग्रजी मुळाक्षरं लिहायची, मधे पितळी वाटी पालथी घालायची, तिच्यावर चौघांनी बोटं ठेवायची आणि कुणा वारलेल्या हेडमास्तरला बोलावून शब्द विचारायचे! चौघे म्हणजे पोस्टमास्तर, गावचे डॉक्टर, शाळेतले इंग्रजीचे मास्तर आणि हरवलेल्या शेठचे धाकटे भाऊ. बैठक धाकट्या शेठच्याच दुकानामागे.

"या वेळी पाच अक्षरांचे शब्द हवे होते, ओ आणि एन असलेले," पोस्टमास्तर सांगू लागले. "वाटीनं आधी 'ओनियन' दिला. आम्ही हसलो. मग 'स्टोन'. मग वाटी एकदम जोरात फिरली आणि 'ड्राऊन' दिला. दगड, आणि बुडणं. तिन्ही शब्द बसत होते हो! डॉक्टरांनी विचारलं, आपण कोण? तर वाटीनं थोरल्या शेठचं नाव सांगितलं. धाकटे शेठ ताडकन उठून आत गेले."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. थोरल्या शेठना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मी तसं म्हणालो, तर पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "मेल्यावर येत असेल."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसलो. धाकट्या शेठनी डोकं दुखतंय म्हणून निरोप धाडला. खिडक्या लावलेल्या, बाहेर ऊन रणरणतंय, आत कापडाचा कोंदट वास. वाटीवर बोट ठेवलं आणि खरंच सांगतो, ती जिवंत असल्यासारखी हलली. मी विचारलं, "शेठ, तुम्ही कुठं आहात?" वाटी घसरत गेली. डब्ल्यू, ई, एल, एल. विहीर. डॉक्टर रामनाम घेऊ लागले.

पण मी पोलीस. भूत असो की माणूस, जबानी तपासून घ्यायची. मी एकेकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पोस्टमास्तरांचे डोळे बांधले, वाटी विहिरीवर गेली. डॉक्टरांचे बांधले, तरी तेच. मास्तरांचे बांधले आणि वाटी आंधळ्यासारखी भरकटली. एक्स, बी, क्यू, काहीच्या काही.

मास्तरांना ठाण्यात आणलं. चहा पाजला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मी ढकलली नाही, साहेब. लेकरांची शपथ!"

"माहीत आहे मला," मी म्हणालो. चोर खूप पाहिलेत, खोटी शपथ डोळ्यांत कळते. ही खरी होती; बोट त्यांच्या नकळत वाटी ओढत होतं. "कोणी काय केलं ते नका सांगू. शेठ गेले त्या संध्याकाळी तुम्ही फिरायला कुठं गेला होतात, एवढंच सांगा."

मास्तरांनी तोंड ओंजळीत लपवलं आणि हमसाहमशी रडले. लोणखेड्याच्या वाटेवरच्या पडक्या विहिरीशी त्यांनी धाकट्या शेठना पाहिलं होतं. सोबत दोन गडी. कमरेला दगड बांधलेलं काहीतरी ते आत सोडत होते. धाकट्या शेठनीही मास्तरांना पाहिलं. नुसता हात जोडून नमस्कार केला. धाकटे शेठ शाळेच्या कमिटीवर होते, मास्तरांची नोकरी त्यांच्या हातात. पुढच्या रविवारी त्याच दोघांनी एकाच वाटीवर बोट ठेवलं.

पंच घेऊन विहीर उपसली. शेठ तिथंच होते. भावाभावांतला वाटणीचा तंटा होता तो; कपाशीतली हाकही धाकट्याचीच. धाकट्याला बेड्या घालताना तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, माझा भाऊ खरंच आला होता ना हो?" देवाशपथ, मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

पुढं नोकरीभर मी एक पथ्य पाळलं. माणूस जीभ आवरू शकतो, पण सगळं अंग आवरू शकत नाही. म्हणून जबानी घेताना मी तोंडापेक्षा हातांकडे जास्त बघत आलो. आणि एखाद्याचं म्हणणं हास्यास्पद वाटलं, तरी ते पुरतं तपासल्याशिवाय कोणाला त्याच्यावर हसू दिलं नाही.

सालदाराला सोडलं तेव्हा त्याची बायको उठून उभी राहिली. विहिरीचं, वाटीचं सगळं त्याला जमादारानं सांगितलं होतं. चार पावलं जाऊन तो परत आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मास्तरनं बोट नही हालतं, ते मन्हं काय व्हतं?"

जमादार खाली बघू लागला. मीही.