शालनचा वाजणारा गुडघा

शालन ही नानाची धाकटी बहीण, आन नाना म्हंजी हे लिवणारा. निमगाव केतकीत तिच्यासारखी बाई दुसरी न्हाय, हे आदी सांगितलं पायजे. तिचा मालक वारला तवा तिच्या पदरात दहा गुंठं पानमळा आन कडंवर लेक पिंकी. तिनं गडी ठेवला न्हाय. बारा वर्सं शेवरीच्या झाडाला शिडी लावून वेल सोता बांधती, पानं सोता खुडती. सांगा, असली बहीण कुनाला हाय!

पर दिवाळीपास्नं शिडी उतरताना तिचा उजवा गुडघा कटकट वाजायला लागला. खाली उभी पिंकी म्हनायची, "आये, हितनं ऐकू येतंय." शेजारची गोजरबाई अशीच वाजत वाजत बाजंला लागली. गुडघा गेला तर मळा कोन बघनार?

बारामतीच्या एका दवाखान्यात गुडघ्याचा आवाज ऐकून आतली झीज सांगणारं मशीन आलंय, ही खबर नानानंच काढली. जायच्या दिवशी शालननं इचारलं, "नाना, लई वाजला तर?"

"ट्रॅक्टरला ग्रीस मारलं की कुरकुर थांबती का न्हाय?"

"थांबती."

"मंग!"

शालननं निरगुडीचं तेल घेतलं आन दोनी गुडघं चांगलं वाटीभर तेलानं चोळलं. येष्टीत लुगडं चिकटत हुतं, पर तिला जरा धीर आला.

दवाखान्यात मेघना नावाची पोरगी हुती, कळस गावची. तिनं गुडघ्याला चार चकत्या लावल्या. त्या चकत्या म्हंजी मशीनचं कान. "मावशी, खुर्चीवरनं धा वेळा उठा-बसा." दुसऱ्या खेपंलाच चकत्या घसरल्या आन पडद्यावर रेघांचं नुसतं काटेरी रान उठलं. शालननं मेघनाचा हात धरला. "गेला का गं माझा गुडघा?"

मेघनानं बोट लावून बघितलं. "काय चोळलंय हे?"

शालननं नानाकडं बघितलं. नाना भिंतीकडं.

"मामा, आमाला आवाजच ऐकायचाय. तुमी तर त्याचं तोंड दाबून आणलंय!"

मंग साबण, स्पिरिट, परत चकत्या. शालन उठायची, बसायची, आन दर खेपंला पडद्यावरची रेघ उडाली की ती इचारायची,

"वाजला का?"

"गुडघं सगळ्यांचंच वाजत्यात, मावशी. नुसत्या कटकटीचं काय न्हाय. घासल्यावानी खरखर आली तर इचार करायचा."

"मंग खरखर हाय का?"

मेघनानं चकत्या काढायला घेतल्या. "ते डॉक्टर बघत्याल. सकाळी फोन करतील."

घरी आल्यावर शालननं भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नानाचा फोन वाजला. डॉक्टर म्हनलं, उजव्यात झीज सुरू झालीया, ऑपरेशन नको, पर तीन महिनं व्यायाम करायचा, शिडी बिलकूल बंद. नाना तसाच पानमळ्यात पळाला. शालन शिडीच्या पाचव्या पायरीवर, फोनच्या आदीच चढलेली.

"खाली ये."

"काय म्हनलं?"

"आदी खाली ये म्हनतो ना."

ती उतरली. दर पायरीला गुडघा वाजत हुता. "किती दिस?"

"तीन महिनं."

"वेल थांबत्यात व्हय तीन महिनं?" तिच्या डोळ्यात पानी आलं.

नानानं जन्मात पानाच्या वेलाला हात लावला नव्हता. त्यानं चपला काढल्या, लुंगी खोचली आन पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तुला जमतंय का?"

"चाळीस वर्सं ट्रॅक्टर चालवलाय मी!"

"मंग शिडीला मिठी का मारलीया?" शालननं शिडी दोनी हातांनी घट्ट धरली. "वर बघ. देठाला धर, नाना. पानाला न्हाय."